पटकथेवर दुसऱ्याचा हात फिरण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या लिहिणाऱ्याची सिनेमाकडे जाणारी वाट बहुतेक वेळा एकांकिकेवरून जाते. गणेशोत्सवात किंवा स्पर्धेत प्रयोग होतो. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, कुद्रेमानी, उचगाव इथल्या साहित्य संमेलनांत ओळखी होतात. मग एके दिवशी कोल्हापूरहून फोन येतो, ‘विषय चांगला आहे, पण पटकथा परत बांधायला पाहिजे. आमचा एक मुलगा आहे, तो तुमच्याबरोबर बसेल.’ आनंदाच्या भरात आपण फाइल पाठवून देतो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

माझ्या बाबतीत असंच झालं. पहिली पटकथा मी वहीत लिहिली, शहापुरातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली आणि एका मित्राला दुरुस्तीला दिली. तो चांगला लिहिणारा. सात-आठ महिने आम्ही एकाच फाइलवर आळीपाळीने बसलो, जुनं पुसत गेलो, नवं भरत गेलो. निर्माता मिळायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, निम्मी पटकथा माझी. मी म्हणालो, कथा माझी, तू नुसता हात फिरवलास. दोघंही खोटं बोलत नव्हतो. पण पहिला मसुदा नेमका कसा होता हे दाखवायला माझ्याकडे वहीशिवाय काही नव्हतं, आणि वहीवर तारीखही नव्हती. दोघांच्या भांडणात निर्माता कशाला पडेल? सिनेमा झाला नाही. पुढची कित्येक वर्षं रामदेव गल्लीत समोरासमोर आलो तरी आम्ही बोललो नाही.

तेव्हापासून नव्या मुलांना मी एकच सांगतो. पहिला सीन बदलण्याआधी तीन गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत: मी काय घेऊन आलो, तू काय घालणार आहेस, आणि तू घातलेलं कुणाच्या मालकीचं होणार. पुढचं सगळं या तीन गोष्टींच्या तजविजीसाठी आहे.

आधी कायदा काय राखतो ते समजून घ्या

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात २०१२ साली लेखकांच्या बाजूने मोठे बदल झाले. मजकूर लिहून झाला की त्यावरचा हक्क तुमचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. पण हा हक्क मांडणीवर असतो, कल्पनेवर नसतो. ‘सीमेवरच्या गावातली शाळा बंद पडते आणि एक म्हातारी ती चालू ठेवते’ ही ओळ कुणाच्याही मालकीची होत नाही. त्या म्हातारीचं बोलणं, प्रसंगांची गुंफण, कोणत्या सीननंतर कोणता येतो, शेवटाची गाठ कशी सुटते, हे तुम्ही लिहून काढलंत की ते तुमचं.

आर. जी. आनंद या नाटककाराचा खटला प्रत्येक नव्या लेखकाने ऐकावा. त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाबद्दल त्यांनी चित्रपटवाल्यांशी बोलणी केली, नाटक त्यांना ऐकवलंसुद्धा. नंतर १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आपलंच नाटक उचललं म्हणून ते न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि १९७८ साली निकाल आनंद यांच्या विरोधात लागला: विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी, म्हणून नक्कल नाही. उलट २००३ साली मुंबई उच्च न्यायालयात सनडायल कम्युनिकेशन्स आणि झी टेलिफिल्म्स यांच्यातल्या वादात सनडायलने मालिकेची संकल्पना लेखी टिपणाच्या रूपात, विश्वासाने झीकडे सोपवली होती याला न्यायालयाने वजन दिलं आणि झीच्या मालिकेवरची मनाई कायम ठेवली. यातून आपल्यासाठी निघतं ते असं, की चहाच्या टेबलावर नुसतं नरेशन देऊन उठू नका. आधी लेखी टिपण मेलने पाठवा, ‘हे फक्त आपल्या विचारासाठी, विश्वासाने देत आहे’ असं त्यात लिहा, मग गोष्ट सांगा.

नावात जीव अडकवू नका. २०१५ साली ‘देसी बॉइज’ या नावावरून झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शीर्षकावर कॉपीराइट नसतो.

आणि पटकथा दुसऱ्याच्या कथेवर, कादंबरीवर किंवा एकांकिकेवर उभी असेल तर मुळातली परवानगी आधी घ्या. लेखक हयात नसेल तर वारसांकडून. मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात: १९७० साली गेलेल्या लेखकाचं लेखन २०३० संपेपर्यंत राखीव आहे. ही परवानगी नसताना तुमचा आणि पुनर्लेखकाचा करार कितीही चोख असला तरी तो वाळूवर बांधलेला.

मूळ मसुदा गोठवा

पुनर्लेखन सुरू होण्याआधीचा मसुदा म्हणजे तुमच्या घराचा सातबारा. तो एका जागी थांबवा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. पहिल्या पानावर पटकथेचं नाव, तुमचं नाव, तारीख, एकूण पानं, एकूण सीन. सोबत सीनची वन-लाइन यादी, म्हणजे प्रत्येक सीनचा क्रमांक आणि त्यात काय घडतं याची एकेक ओळ. पुढे वाद झालाच तर दीडशे पानांपेक्षा ही चार पानांची यादी जास्त उपयोगी पडते, कारण तुमची गुंफण तिच्यात एका नजरेत दिसते.

आपल्या भागातली एक अडचण इथे सांगायला हवी. डीटीपीच्या दुकानांत अजूनही पुष्कळ मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप होतो. तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची खिचडी होते. दहा वर्षांनी पुरावा म्हणून ती काय कामाची? युनिकोडमध्ये टाइप करून घ्या आणि पीडीएफ काढा. ती पीडीएफ स्वतःला मेल करा, शिवाय ज्याचा या कामात काही हितसंबंध नाही अशा एका माणसालाही करा. एक प्रत छापून स्पायरल बाइंडिंग करा आणि पानोपानी सही-तारीख घाला. हाताने लिहिलेली वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. खाडाखोडीसकट ती जपा, खाडाखोड तुमच्या बाजूने बोलते.

स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाकीट पाठवून ते बंद ठेवायची जुनी पद्धत अनेक जण सांगतील. तिच्यातून फार तर तारीख दिसते. तिच्यावर विसंबू नका.

त्यापेक्षा दोन नोंदण्या करा. पहिली मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे. सभासद झालात की घरी बसून ऑनलाइन पटकथा नोंदवता येते, आणि सभासदांचे श्रेयाचे, मानधनाचे वाद ऐकायला त्यांची समितीही आहे. या नोंदणीने अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता हे ठरतं, मालकी ठरत नाही. दुसरी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे. अर्ज नमुना १४ मध्ये, तोही ऑनलाइन, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. हरकतींसाठी ३० दिवसांची वाट पाहावी लागते, त्यानंतर तपासणी होते. वेळ लागतो, पण नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. घाई असेल तर पहिली नोंदणी लगेच करा आणि दुसरीचा अर्ज टाकून कामाला लागा. पुनर्लेखन पूर्ण झालं की नव्या मसुद्याची वेगळी नोंदणी करा. पहिल्या नोंदणीत दुसरा मसुदा आपोआप येत नाही.

समोर बसणारा माणूस कोण?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण हा प्रश्न कुणी विचारतच नाही. वाचून सूचना देणारा सल्लागार वेगळा. पैसे घेऊन तुमच्यासाठी सीन लिहिणारा पुनर्लेखक वेगळा. तुमच्या बरोबरीने लिहिणारा सहलेखक वेगळा.

सल्लागाराने ‘मध्यंतर आधी आण’ म्हटलं आणि तुम्ही आणलंत, तर त्या सूचनेची मालकी त्याच्याकडे जात नाही. आभार माना, सूचना लिहून ठेवा. पण त्याने स्वतः सीन लिहून दिला, तर त्या शब्दांचा लेखक तो. आणि दोघांनी एकत्र बसून असं लिहिलं की कुणाचं काय ते वेगळं काढता येत नाही, तर कायदा त्याला संयुक्त लेखन म्हणतो. मग पटकथा दोघांची. एकाने सही केली आणि दुसऱ्याने नाही, तर शहाणा निर्माता पैसे देत नाही.

एक समज मला वारंवार भेटतो: ‘मी त्याला दहा हजार दिले, म्हणजे त्याने लिहिलेलं माझं.’ तसं नाही. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर पहिली मालकी मालकाची होते. पण तुमचा पुनर्लेखक तुमचा नोकर नाही. तो स्वतंत्र लेखक आहे, आणि लेखी हस्तांतरण नसेल तर पैसे देऊनही त्याचे शब्द त्याचेच राहतात. दुसऱ्या बाजूने, त्याचे ते सीन तुमच्या पटकथेवर उभे असल्यामुळे तुमच्या परवानगीशिवाय तोही ते कुठे विकू शकत नाही. दोघंही अडकता.

कागद

‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य आपल्याकडे मायेनेच म्हटलं जातं, त्यामुळे ते मोडून काढणं जड जातं. मी असं सांगतो: ‘निर्माता उद्या मागणारच आहे, आजच करून ठेवूया.’ हे खरंही आहे. हक्क कुणाकडून कुणाकडे आले ही साखळी दिसल्याशिवाय मोठी संस्था पटकथा घेत नाही.

कागद किती बारीक असावा, हे कायद्याच्या कलम १९ वरून ठरतं. हक्क देणाऱ्याची सही असलेलं लेखी हस्तांतरणच ग्राह्य धरलं जातं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे आलं पाहिजे. आता यातले सापळे बघा. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि ज्याला हक्क मिळाले त्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर हस्तांतरण संपुष्टात येतं, कागदात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. मराठी सिनेमाची पटकथा एका वर्षात पडद्यावर किती वेळा जाते? ‘माझ्या सीनवरचे सगळे हक्क मी मित्राला दिले’ अशी एकोळी चिठ्ठी लिहून घेऊन निवांत झालेल्या माणसाचा हक्क त्याच्या नकळत परत गेलेला असू शकतो. म्हणून निदान एवढं तरी लिहा, आणि मग वकिलाकडून तपासून घ्या:

‘(पटकथेचे नाव) या पटकथेचा दिनांक ___ चा मूळ मसुदा, पाने ___, सीन ___, हा संपूर्णपणे ___ यांनी लिहिलेला आहे. त्याची प्रत सोबत जोडली असून पानोपानी दोघांच्या सह्या आहेत. ___ हे त्याचे पुनर्लेखन करतील. त्याबद्दल त्यांना एकूण रुपये ___ मिळतील: सहीच्या वेळी ___, पहिला पुनर्लिखित मसुदा दिल्यावर ___, अंतिम मसुद्यानंतर ___. पुनर्लेखनात त्यांनी घातलेल्या मजकुरावरचे चित्रपट, मालिका, वेब मालिका, नाटक, छापील प्रकाशन, अनुवाद व रूपांतर यांचे हक्क ते ___ यांच्याकडे कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी हस्तांतरित करतात. हे हक्क एका वर्षात वापरले गेले नाहीत तरी हस्तांतरण कायम राहील. श्रेय पुढीलप्रमाणे राहील: कथा ___, पटकथा ___, संवाद ___. काम अर्धवट थांबल्यास तोवर झालेल्या कामाचा मोबदला देऊन याच अटी लागू राहतील.’

शेवटचं वाक्य विसरू नका. बहुतेक भांडणं पूर्ण झालेल्या कामावरून होत नाहीत, अर्धवट सुटलेल्या कामावरून होतात.

सहलेखक असाल तर हस्तांतरणाऐवजी वाटणी लिहा: टक्के किती, विक्रीचा निर्णय दोघांच्या सहीनेच की एकाला अधिकार, एकाने मध्येच काम सोडलं तर त्याचा वाटा किती, श्रेयात नाव कुणाचं आधी. टक्के समान नसले तरी चालतात, पण ते काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजेत.

दोन गोष्टी कागदाने काढून घेता येत नाहीत आणि त्या दोन्ही बाजूंना माहीत असाव्यात. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी आपण लेखक आहोत हे सांगायचा आणि लेखनाची विटंबना थांबवायचा अधिकार लेखकाकडे राहतो. आणि २०१२ पासून, चित्रपटात वापरलेल्या साहित्याचा लेखक चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देऊ शकत नाही. कुणी ‘रॉयल्टी सोडली’ असं कलम पुढे केलं तर तिथे बोट ठेवा.

सीमेवरच्या लेखकाने जास्तीचं बघायचं

मूळ मराठी पटकथा कन्नडमध्ये नेण्याचा हक्क हा वेगळा हक्क आहे. आपल्या गोष्टी दोन्ही भाषांत जगतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली किंवा चिकोडीच्या तंबाखूच्या शेतातली गोष्ट बेंगळूरच्या निर्मात्यालाही आपली वाटू शकते. म्हणून करारात नुसतं ‘चित्रपटाचे हक्क’ असं लिहू देऊ नका. मराठी चित्रपट, कन्नड चित्रपट, डबिंग, रिमेक, हे एकेक नाव घेऊन लिहा आणि जे द्यायचं नाही ते ‘लेखकाकडे राखीव’ म्हणून नोंदवा.

करार तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत हवा. मराठीत केलेला करार चालतो, पण इथल्या न्यायालयांचं काम कन्नड आणि इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी मजकूर सोबत असू द्या आणि दोन्हींत फरक पडला तर कोणता खरा धरायचा तेही लिहा. न वाचता येणाऱ्या कागदावर ‘नंतर समजावतो’ म्हटलं म्हणून सही करू नका.

मुद्रांकाचंही तसंच. बेळगावात सही होणार असेल तर कर्नाटकचा ई-स्टॅम्प लागतो, आणि रक्कम किती ते कराराच्या प्रकारावर अवलंबून असतं, ते वकिलाला विचारूनच घ्या. अपुऱ्या मुद्रांकावरचा कागद शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. तोच कागद पुढे कोल्हापुरात किंवा मुंबईत वापरायचा झाला आणि तिथलं शुल्क जास्त असलं, तर फरक भरावा लागतो.

कायद्याने कॉपीराइटचा दावा तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. बेळगावच्या माणसाला ही फार मोठी सोय आहे. निर्मात्याच्या छापील करारात मात्र बहुधा ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ अशी ओळ असते. सही करण्याआधी ती वाचा. पेशी-पेशीला रात्रीची बस पकडून मुंबईला जायची तुमची तयारी आहे का, हे तेव्हाच ठरवा.

काम चालू असताना

गुगल डॉक्सवर लिहीत असाल तर मूळ फाइल तुमच्या खात्यात ठेवा आणि समोरच्याला सूचना सुचवण्यापुरता अधिकार द्या. त्याचा बदल वेगळ्या रंगात, नावासकट दिसतो. तुम्ही मान्य केलात की मगच तो मजकुरात बसतो. प्रत्येक टप्प्याला आवृत्तीला नाव द्या: ‘मसुदा २’, पुढे तारीख. बैठक संपली की त्याच रात्री चार ओळींचा मेल करा, ‘आज सीन १४ ते २२ पाहिले. सीन १७ नव्याने तुम्ही लिहिला. १९ मी काढला.’ समोरच्याने ‘ओके’ एवढंच उत्तर दिलं तरी पुरतं.

व्हॉट्सॲपवर बोलणं होणारच. संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय बंद ठेवा, आणि फोन बदलताना जुना फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी हरकत घेतो.

तुम्हीच पुनर्लेखक असाल तर

हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे, कारण आपल्या मुलांवर ही पाळी जास्त येते. बाहेरचं युनिट येतं, ‘फक्त बोली दुरुस्त करून दे’ म्हणतं. पोरगं रात्र-रात्र बसून पुस्तकी मराठीचे संवाद बेळगावी करतं, बायकांच्या तोंडी कन्नड हेल घालतं, ‘काय करायलैस’ कुठे आणि ‘काय करतोस’ कुठे हे ठरवतं. पडद्यावर मात्र नाव येत नाही, आलंच तर आभाराच्या यादीत. एखादा शब्द बदलणं ही दुरुस्ती. पण वाक्यच्या वाक्यं तुमची असतील तर ते संवादलेखन आहे. आपल्या सिनेमात कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी श्रेयं असतात, त्यातलं तिसरं मागा. ‘संवाद’ की ‘संवाद साहाय्य’ हे काम सुरू करण्याआधी मेलवर ठरवून घ्या. हातात आलेली पटकथा आणि तुम्ही परत दिलेली पटकथा, दोन्हींच्या प्रती ठेवा. संवादाचा पहिला हप्ता मिळाल्याशिवाय पूर्ण फाइल पाठवू नका, दहा सीन पाठवा.

वाद झालाच तर

लगेच फेसबुकवर लिहू नका. आधी गोठवलेला मसुदा, वन-लाइन यादी, करार, नोंदणीचे कागद आणि मेल एका फाइलमध्ये लावा. दोन मसुद्यांचा सीनवार तक्ता करा: डावीकडे तुमचा सीन, उजवीकडे त्यांचा, शेवटच्या रकान्यात काय सारखं आहे ते. शब्द सारखे, प्रसंग सारखा आणि नुसता विषय सारखा, या तीन गोष्टी प्रामाणिकपणे वेगळ्या दाखवा. तिसऱ्या प्रकारच्या ओळींवर वकिलाचा वेळ घालवू नका. मग वकिलाकडून नोटीस पाठवा. सभासद असाल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या समितीकडे अर्ज करा. प्रदर्शनाआधी कळलं असेल तर मनाईचा अर्ज एक दिवसही पुढे ढकलू नका. सिनेमा लागून गेल्यावर तो अडवणं फार अवघड. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना तो सीनवार तक्ता हातात असू द्या.